कोथरूड ते चाकण : आपल्या पार्किंगची पंचवीस वर्षं

१९९९ साली सोसायटी नोंदली गेली तेव्हा आपल्याकडे ४८ फ्लॅट होते आणि ११ मोटारी. फ्लॅट आजही ४८च आहेत, मोटारी ६३ झाल्या. गणपतीचा इतिहास, बोअरचा इतिहास, लिफ्टचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाय. पार्किंगचा विषय कुणीच घेतला नव्हता. भांडणं नकोत म्हणून असेल! मी तो मागून घेतला, कारण माझ्या गाडीला यंदा पंधरा वर्षं पूर्ण होतायत, रोजचा चाकणचा प्रवास अजून सहा वर्षं चुकणार नाही, आणि बदली गाडी कोणती घ्यायची हे ठरवताना मी आपल्याच शेजाऱ्यांचे जुने हिशोब विचारत फिरत होते. विचारता विचारता एवढं जमलं की लिहून काढावंसं वाटलं.

माझा मुख्य आधार म्हणजे वॉचमनच्या खोलीतलं स्टिकर रजिस्टर. पहिल्या सेक्रेटरींनी सुरू केलेलं. प्रत्येक गाडीचा नंबर, कंपनी, रंग, फ्लॅट नंबर. रंगाचा रकाना कशाला ठेवला होता कुणास ठाऊक, पण त्यामुळे एक कळतं: पहिल्या अकरा गाड्यांतल्या सात पांढऱ्या होत्या.

त्या अकरा अशा. चार मारुती ८००, दोन प्रीमियर पद्मिनी, एक अँबेसिडर, एक ओम्नी, एक झेन, एक सँट्रो आणि एक इंडिका. आजच्या मुलांना ही नुसती नावं वाटतील, पण या यादीत देशाचा चाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे. अँबेसिडर आणि पद्मिनी या लायसन्सच्या काळातल्या. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची, मूळ फियाटची, म्हणून घरोघरी तिला ‘फियाट’च म्हणत. सी विंगच्या आजोबांच्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि थंडीत चोक ओढून ती सुरू करताना अख्खी विंग जागी व्हायची. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. मोटार उद्योगाची लायसन्सची अट १९९३ मध्ये गेली आणि परदेशी कंपन्यांना दार उघडलं. सँट्रो १९९८ मधली, ती त्याच दारातून आलेली. इंडिका मात्र आपल्या गावची. डिसेंबर १९९८ च्या अगदी अखेरीस ती बाजारात आली आणि बनत होती पिंपरीला, म्हणजे आपल्या गेटपासून तासाभराच्या अंतरावर.

आता महत्त्वाची गोष्ट. या अकरापैकी दहा गाड्या रोज ऑफिसला जात नव्हत्या. मोटार ही लग्नाला, जेजुरीला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला होती. नोकरीला माणसं स्कूटरवर, पीएमटीने नाहीतर कंपनीच्या बसने जात. रजिस्टरच्या मागच्या पानांवर स्कूटरींची यादी आहे, ती बहात्तरची. चेतक, कायनेटिक होंडा आणि लुना. पुणेकर तोवर दोन चाकांवरच नोकऱ्या करत होता. बिल्डरनेही त्या हिशोबानेच पार्किंग आखलं: स्टिल्टखाली मोटारींच्या चौदा जागा आणि स्कूटरींसाठी भली मोठी मोकळी पट्टी. त्या पट्टीवरून पुढे काय काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

रोज ऑफिसला जाणारी ती अकरावी गाडी म्हणजे बी विंगच्या काकांची डिझेल इंडिका. (नाव छापलं तर रागावतील, पण सगळे ओळखतीलच.) तिच्यापासूनच माझ्या विषयाची खरी सुरुवात होते.

नोकऱ्या उत्तरेकडे सरकत होत्या. आधी पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी. मग बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांची रांग लागली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, मर्सिडीज पिंपरीहून हलून चाकणला गेली, २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना उभा राहिला. घरं मात्र कोथरूडलाच राहिली. मुलांच्या शाळा इथे, सासू-सासऱ्यांचे डॉक्टर इथे, बायकोची नोकरी डेक्कनला. फ्लॅट विकून चाकणला कोण जाणार? तिथे तेव्हा धड शाळाही नव्हती. त्यामुळे नोकरी आणि घर यांच्यामधलं अंतर वाढत गेलं आणि ते भरून काढायचं काम गाडीकडे आलं. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी, चाकण: जाऊन-येऊन सरासरी ७५ किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेबावीस हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक हिशोबात तो लागणार आहे.

काकांनी डिझेल का घेतलं? तेव्हा डिझेलचा भाव पेट्रोलच्या जेमतेम निम्मा होता. शेतीसाठी, एसटीसाठी, ट्रकसाठी म्हणून सरकारने तो दाबून ठेवलेला. त्यात छोट्या मोटारीत डिझेल इंजिन मिळणं हेच नवलाचं होतं. काकांची वही मी पाहिली. चामडी कव्हरची डायरी, तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर. पंधरा दिवसांनी सरासरी. इंजिनाचा आवाज गच्चीपर्यंत यायचा, पण पेट्रोलच्या गाडीपेक्षा खर्च निम्म्याहूनही कमी, एवढं ते आजही अभिमानाने सांगतात. पहिल्या आवृत्तीबद्दल ग्राहकांच्या तक्रारी होत्या, त्या सुधारून कंपनीने २००१ मध्ये व्ही-टू आणली. काकांनी जुनी देऊन ती घेतली. आपल्या सोसायटीतली ही पहिली ‘बदली गाडी’, आणि ती घेताना पाहिलं ते रूप नाही, रंग नाही, फक्त किलोमीटरला किती पैसे पडतात ते.

या व्ही-टूमध्ये २००२ साली आपला पहिला चाकण पूल सुरू झाला. चार माणसं, दोन कंपन्या. पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला. नियम काकांचे: सव्वासातला गेटवर, सात मिनिटं वाट पाहणार, गाडीत डबा उघडायचा नाही. पुढची जागा पाळीपाळीने. हे नियम बावीस वर्षांनंतर जवळजवळ तसेच आहेत. फक्त एक वाढला, त्याबद्दल पुढे.

मी पुलात २००६ मध्ये आले. तोवर कंपनीच्या बसने जायचे. बस चांगली होती, पण तिची परतीची वेळ ठरलेली. माझं काम गुणवत्ता तपासणीचं. गिऱ्हाईकाकडून माल परत आला की सहाची सुट्टी नऊला व्हायची आणि मग मोशीच्या रस्त्यावर रात्री सहा आसनी रिक्षा शोधत उभं राहायचं. ज्या बायकांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. पुरुष सहकाऱ्यांना बस चुकली तर उशीर व्हायचा. आम्हाला उशीर व्हायचा, शिवाय घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरंही द्यावी लागायची. आपल्या सोसायटीत बायकांच्या नावावर नोंदलेल्या गाड्या रजिस्टरमध्ये कधी वाढल्या ते मी मुद्दाम पाहिलं. २००५ पर्यंत दोन, २०१२ पर्यंत चौदा. यातल्या निम्म्या तरी चैनीसाठी घेतलेल्या नव्हत्या, उशिरा घरी सुरक्षित येण्यासाठी घेतलेल्या होत्या. पार्किंगच्या भांडणात ‘एकेका घरात दोन-दोन गाड्या’ असं म्हणताना हे कुणी लक्षात घेत नाही.

२००९ मध्ये काका निवृत्तीला आले आणि पूल कुणी चालवायचा असा प्रश्न आला. मी गाडी घेतली. डिझेलच. त्या वेळी फियाटचं मूळ असलेलं १.३ लिटरचं एक डिझेल इंजिन मारुतीच्या, टाटांच्या आणि खुद्द फियाटच्या अशा कितीतरी गाड्यांमध्ये असे. फियाट ते आपल्या रांजणगावला बनवायची. माझी गाडी त्याच इंजिनाची. हिशोब असा मांडला: पेट्रोल पंचेचाळीस ते पन्नास रुपये, डिझेल पस्तीसच्या आसपास. पेट्रोलची गाडी आपल्या रस्त्याला लिटरला १४ देणार, डिझेलची १९. साडेबावीस हजार किलोमीटरवर वर्षाला तीस-पस्तीस हजारांची बचत. डिझेल गाडी लाखभराने महाग. म्हणजे तीन वर्षांत फिटली, पुढचं सगळं वर. त्याच वर्षी नॅनोही आली. डी विंगच्या शिक्षिका बाईंनी ती घेतली आणि शाळेपर्यंत आठ वर्षं मजेत वापरली. पण चाकणच्या हायवेवर दोन कंटेनरच्या मध्ये नॅनोतून जाण्याची माझी छाती नव्हती.

पुढची काही वर्षं रजिस्टरमध्ये डिझेलच डिझेल. सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत सात-आठ रुपयांनी वाढलं आणि दोन इंधनांमधला फरक लिटरला तीस रुपयांपर्यंत गेला. त्या वर्षी आपल्याकडे नऊ नव्या गाड्या आल्या, त्यातल्या सात डिझेल. गंमत म्हणजे त्यातल्या चार जणांचं ऑफिस कर्वे रोडला होतं! दिवसाला बारा किलोमीटरसाठी डिझेल गाडी घेतली तर तिची वाढीव किंमत वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, हे मी तेव्हा दोघांना कागदावर मांडून दाखवलं. दोघंही ‘बघू’ म्हणाले आणि डिझेलच घेतली. शेजाऱ्याने घेतली की आपणही घ्यायची, हेही एक इंधनच असतं.

याच सुमारास जागेची भांडणं सुरू झाली. स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला, आणि ज्यांनी बिल्डरला पैसे मोजले होते ते आणि ज्यांनी मोजले नव्हते ते असे दोन तट पडले. त्या सभांची इतिवृत्तं मी वाचली. त्यातली भाषा स्मरणिकेत देण्यासारखी नाही. शेवटी स्कूटरींची पट्टी आखून मोटारींना दिली आणि जागा सोडतीने ठरल्या. ती व्यवस्था आजपर्यंत टिकली, म्हणजे ती बरीच म्हणायची.

डिझेलचा सुकाळ ऑक्टोबर २०१४ मध्ये संपायला लागला. त्या महिन्यात डिझेलचे भावही मोकळे झाले आणि फरक आक्रसत गेला. दुसरीकडून धुराचे नियम कडक होत होते. पुण्यात बीएस-फोर २०१० मध्येच लागू झालं होतं (त्या तेरा शहरांत आपल्याबरोबर सोलापूरही होतं), देशभर २०१७ मध्ये, आणि मग मधली पायरी गाळून थेट बीएस-सिक्स १ एप्रिल २०२० ला. छोट्या डिझेल इंजिनाला ते नियम पाळायचे तर धूर गाळणारी यंत्रणा बसवावी लागते, आणि तिचा खर्च आठ लाखांच्या गाडीला झेपत नाही. मारुतीने डिझेल बंदच केलं. माझ्या गाडीचं इंजिन इतिहासजमा झालं. सुटे भाग मिळतात अजून, पण आमचा गॅरेजवाला आता ‘ताई, किती दिवस?’ असं विचारायला लागलाय.

इथे मला त्या वाढलेल्या नियमाबद्दल सांगायचंय, आणि ते जरा सविस्तर सांगते.

२०१६ च्या पावसाळ्यात मोशीच्या पुढे आमच्या समोरचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी ओल्या रस्त्यावर घसरत गेली. टेम्पोला टेकली तेव्हा वेग फारसा नव्हता, बंपर चेपला, दिवा फुटला, एवढंच. पण मागे बसलेल्या शेजारणीचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि नाकाचं हाड मोडलं. पट्टा नव्हता. मागे पट्टा लावायचा असतो हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या मागच्या सीटचे पट्टे तर कव्हरच्या खाली गेले होते. त्या रविवारी मी आणि माझ्या मुलाने कव्हर फाडून ते बाहेर काढले. तेव्हापासून नियम: पट्टा लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. पहिला महिना कुरकुर झाली. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं तपासात पुढे आलं, त्यानंतर मात्र कुणी काही म्हणालं नाही.

गाडी निवडताना सुरक्षेचा रकाना आपल्या लोकांच्या कागदावर फार उशिरा आला. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यात चाकणला बनणारी पोलोही होती, एअरबॅग नसलेली. त्याच गाडीला दोन एअरबॅग बसवून आदळलं तर चार तारे मिळाले, आणि कंपनीने बिनएअरबॅगची आवृत्ती बंद केली. सांगाडा तोच, कारखाना तोच, फरक दोन पिशव्यांचा. आमच्या चाकणच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मग डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. २०१९ पासून एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटचीही. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. आता दुकानात गेलं की विक्रेता आधी तारे सांगतो. दहा वर्षांपूर्वी तो आधी म्युझिक सिस्टीम सांगायचा.

माझ्या २००९ च्या गाडीत यातलं काहीच नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. त्या वेळी ते वरच्या श्रेणीतच मिळायचं. गाडी बदलायचं माझं खरं कारण हे आहे. नाहीतर कायद्याने बदलायची गरज नाही. दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही. फिटनेस तपासून घ्या, फेरनोंदणीचे पाच हजार भरा, पर्यावरण कर भरा, आणखी पाच वर्षं मिळतात. काहींनी तसं केलंय आणि त्यांचं बरोबर आहे, कारण त्यांची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते. माझी तीन लाख अकरा हजार किलोमीटर चाललीय आणि रोज आणखी तीन घरांतली माणसं तिच्यात बसतात.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या त्या थोडक्यात. २०२० च्या टाळेबंदीत पार्किंग भरलेलं आणि रस्ता रिकामा, असं दृश्य आपण पाहिलं. सोळा गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. हिंजवडीवाले नंतरही घरूनच काम करत राहिले आणि त्यांच्या गाड्या पुन्हा रविवारच्या झाल्या, १९९९ सारख्या. कारखान्यातल्यांना ती सोय नव्हती. दुसरं म्हणजे मेट्रो. वनाजची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२३ पासून ती पिंपरीच्या मार्गाला जोडली गेली. मी दोन आठवडे प्रामाणिकपणे करून पाहिलं: वनाजहून बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, नाशिक फाट्याला उतरायचं. तिथपर्यंत प्रवास सुरेख. पुढचे वीस किलोमीटर मात्र पुन्हा रिक्षा, बस आणि नशीब. मेट्रो जेव्हा चाकणला जाईल तेव्हा मी गाडी विकेन, असं मी मुलाला सांगितलंय. तो हसतो.

आता बदली गाडी. तीन पर्याय होते: पेट्रोल, सीएनजी, इलेक्ट्रिक. चौथा म्हणजे मोठी डिझेल, ती माझ्या बजेटबाहेर.

सीएनजीची आपल्याकडची सुरुवात रिक्षांपासून झाली आणि मोटारी त्यामागून आल्या. एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा भाव उतरले, पण त्याच वर्षी परत चढले. तरी २०२४ मध्येही सीएनजी किलोला पंच्याऐंशीच्या आसपास होता आणि पेट्रोल लिटरला एकशे चार. आपल्या सोसायटीत आज अकरा सीएनजी गाड्या आहेत. त्या अकराही जणांशी बोलले. सगळ्यांनी पैशाबद्दल समाधान सांगितलं आणि सगळ्यांनी रांगेबद्दल तक्रार केली. शिवाय टाकी डिकीत बसते, तिची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. आता काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवतात, त्यामुळे डिकी थोडी परत मिळते.

माझ्या साडेबावीस हजार किलोमीटरचा वर्षाचा हिशोब असा निघाला. पेट्रोल, लिटरला १६ धरून, एक लाख सेहेचाळीस हजार. सीएनजी, किलोला २४ धरून, ऐंशी हजार. इलेक्ट्रिक, युनिटला ७ किलोमीटर आणि युनिट दहा रुपये धरून, बत्तीस हजार. कंपन्या यापेक्षा बरेच मोठे आकडे देतात; मी शेजाऱ्यांच्या प्रत्यक्षातले घेतले.

पेट्रोल इथेच बाद झालं. सीएनजी आणि इलेक्ट्रिक यांच्यात वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचा फरक, सहा वर्षांत दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. सारखेच तारे असलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत, कर आणि विमा धरून, मला सांगितलेला फरक तीन लाख दहा हजार. म्हणजे पैशात जवळजवळ बरोबरी, सीएनजी बावीस हजारांनी पुढे. काकांना कागद दाखवला. ते म्हणाले, “मग सीएनजी घे, उगाच नवीन खेळ कशाला?” मी त्यांना दुसरा हिशोब दाखवला. टाकीत नऊ किलो गॅस, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी रांग. वर्षाला शंभर वेळा. अर्धा तास धरा, म्हणजे वर्षाचे पन्नास तास, चौघांचे दोनशे. सव्वासातला निघणाऱ्या पुलाने ही रांग लावायची केव्हा, सकाळी साडेसहाला की रात्री नऊला? काका बराच वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, “आमच्या वेळी वेळेचा रकाना नव्हता.”

बॅटरीची भीती मलाही होती. हमी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. माझे सहा वर्षांचे एक लाख पस्तीस हजार होतात, म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत हमी आहे. एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जरी गेली तरी मला रोज पंचाहत्तरच लागतात. सुट्टीत कोकणात जायचं असेल तर मुलाची पेट्रोलची गाडी आहे.

राहिला प्रश्न सोसायटीचा, आणि तो फक्त माझा नाही. आपली इमारत १९९९ ची, विजेचा मंजूर भार तेव्हाचा. तेव्हा निम्म्या घरांत एसीही नव्हते. स्वतःच्या वीजजोडणीवर घरच्या पार्किंगमध्ये गाडी चार्ज करता येते, असं केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. त्यामुळे ‘परवानगी द्यायची की नाही’ ही चर्चा खरं तर निकालात निघाली आहे. पण ‘कशी द्यायची’ ही बाकी आहे. घरच्या मीटरवर घेतली तर वरच्या स्लॅबचा दर लागतो, म्हणून वेगळं मीटर घेणं बरं. मला रोज साडेदहा-अकरा युनिटं लागणार. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री साडेतीन-चार तास. एवढ्याने काही होत नाही. पण उद्या दहा जणांनी एकाच वेळी लावलं तर तेहतीस किलोवॅट, आणि प्रत्येकाने कंपनीचा वेगवान चार्जर बसवला तर त्याच्या दुप्पट. ज्याने आधी गाडी घेतली त्याने उरलेला भार खाऊन टाकायचा आणि मागून येणाऱ्याने ट्रान्सफॉर्मरचा खर्च करायचा, असं झालं तर २०१० ची भांडणं परत सुरू होतील, आणि या वेळी ती पट्ट्यांवरून नसतील.

म्हणून मी सर्वसाधारण सभेपुढे ठराव मांडला: मीटर ज्याचं त्याचं, केबलचा खर्च ज्याचा त्याचा, पण मीटर रूमपासून स्टिल्टपर्यंतची पाइपलाइन बारा जणांना पुरेल एवढी एकदाच टाकायची आणि ती सोसायटीच्या पैशातून. वेगवान चार्जर कुणालाही नाही. चार्जिंग रात्री अकरानंतर. उघड्या पार्किंगवाल्यांसाठी मागच्या भिंतीजवळ एक सामाईक जागा. शेवटच्या कलमावर दीड तास चर्चा झाली. ज्यांची जागा उघड्यावर आहे त्यांनी पाइपलाइनचे पैसे का द्यायचे, हा आक्षेप रास्त होता आणि तो घेणाऱ्या बाईंनी सोडतीत दोनदा उघडी जागा काढली आहे. सामाईक जागेचं काम आधी आणि स्टिल्टचं नंतर, अशी दुरुस्ती करून ठराव मंजूर झाला. एकतीस विरुद्ध सहा.

गंमत म्हणजे आपल्याकडची पहिली इलेक्ट्रिक गाडी माझी नाहीच. ए विंगखाली तीन वर्षांपासून एक निळसर चेतक उभी असते. १९९९ च्या यादीत ए विंगच्या त्याच फ्लॅटसमोर चेतकच लिहिलेली आहे, वडिलांची. तिला सुरू करायला आडवी करून उभी करावी लागायची. मुलाची चेतक केव्हा गेली ते गेटवरच्या वॉचमनलाही कळत नाही.

माझी जुनी गाडी भंगार केंद्रात द्यायचं ठरवलंय. गावाकडून एकाने चांगली किंमत सांगितली होती, पण एअरबॅग नसलेली गाडी तीन लाख किलोमीटरनंतर दुसऱ्या कुणाच्या घरात पाठवायला मन झालं नाही. केंद्राकडून मिळणारा दाखला कुणाला नव्या गाडीच्या करसवलतीसाठी वापरता येतो, मला इलेक्ट्रिकमुळे त्याचा फारसा उपयोग नाही. घरात कुणी या वर्षात पेट्रोल गाडी घेणार असेल तर विचारा.

नवी गाडी दिवाळीच्या सुमारास येईल. पुलातले एक जण मार्चमध्ये निवृत्त झाले, त्यामुळे मागची खिडकीजवळची एक जागा रिकामी आहे. चाकण एमआयडीसी, महाळुंगे किंवा तळेगाव चौकापर्यंत कुणाला यायचं असेल तर सव्वासातला गेटवर. सात मिनिटं थांबतो, डबा उघडायचा नाही, आणि पट्टा लावायचा.